पाय नको म्हणतोय

“पुरणाची दिंडं खाऊन आलाय का नुसता वास घेऊन? जोर लावा की गं!”

शालनआत्या झोक्यावर उभी राहून खालच्या बायकांना दटावत होती. नागपंचमीची दुपार, पावसानं दिलेली उघडीप, ओढ्याकाठच्या चिंचेला बांधलेला दोरखंडाचा झोका, आणि त्यावर एकटी आत्या. जोडीला कुणी नको, असं तिनं आधीच जाहीर केलं होतं. “एकीला ओढताना तुमचा जीव निघतोय, दुसरीला कोण ओढणार?”

आत्या म्हणजे माझ्या बाबांची सख्खी बहीण. वय पंचेचाळीस. वजन तिच्या म्हणण्याप्रमाणे पासष्ट, काट्याच्या म्हणण्याप्रमाणे एकोणऐंशी. दरवर्षी पंचमीला ती इचलकरंजीहून माहेरी यायची आणि ती स्टँडवर उतरली हे आम्हाला घरात बसून कळायचं, एवढा तिचा आवाज. मी तेव्हा सातवीत होते. सगळ्या बायकांच्या चपला एका जागी गोळा करून मी त्यांच्या राखणीला बसले होते. आज मला ओळखणाऱ्या कुणाला हे सांगितलं तर हसतील, पण तेव्हा मला चपला राखण्याचंच काम द्यायचे. चपलांशी बोलावं लागत नाही.

झोका पार वर गेला की तिथून आमच्या घराची गच्ची दिसायची. आत्या एकदा वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली आणि किंचाळली, “वहिनीऽऽ! तुझ्या गच्चीवर वानरं! शेंगा खायला लागलीत बघ!”

वहिनी म्हणजे माझी थोरली काकू. तिला मी मोठीआई म्हणते. ती खालून ओरडली, “कुठं?”

“ती बघ की, तिथं!”

आणि नेमकं कुठं ते दाखवायला आत्यानं एक हात सोडला.

धप्प असा आवाज झाला. ती पाठीवर पडली, चिंचेचं एक जाडजूड मूळ जमिनीबाहेर आलं होतं, बरोबर त्याच्यावर. पहिल्यांदा सगळ्या हसल्याच. मीही हसले. आत्या पडली म्हणजे आता ती काहीतरी जबरदस्त बोलणार, चिंचेला नाहीतर वानरांना. आम्ही सगळ्या ते ऐकायला थांबलो.

ती काही बोललीच नाही.

“वन्सं?” मोठीआई धावली. “वन्सं, उठा की! थट्टा पुरे.”

आत्या हळूच एका कुशीवर वळली. डोळे मोठे झाले होते. “पाठ…” म्हणाली. मग थांबली. मग, “दम…” पुन्हा थांबली.

“उसण भरली!” कुणीतरी निकाल दिला.

“चमक हाय चमक. पडल्यावर भरतीच.”

“मग बघताय काय? पायाळी हितंच बसलीय की!”

आणि सगळ्या बायका एकदम चपलांच्या ढिगाकडे, म्हणजे माझ्याकडे वळल्या.

आता हे सांगायला हवं. मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोकं आधी यायच्या ऐवजी माझे पाय आधी आले. आमच्याकडे समजूत अशी की पायाळू माणसानं पाय लावला की भरलेली उसण उतरते. मी तीन वर्षांची असल्यापासून आमच्या अंगणात माणसं पालथी पडत आली होती. बुधवार आणि रविवार, सकाळी. मोठीआई सगळा कारभार बघायची. कोण आधी आलं, कोण मागाहून, कुणाला कुठं दुखतंय. मी फक्त यायचं, उजव्या पायाच्या अंगठ्यानं पाठीवर तीन रेघा ओढायच्या, मग टाचेनं तीन ठोसे द्यायचे, आणि आत जाऊन अभ्यासाला बसायचं. पाहुणे विचारायचे, “पाय हाय का घरात?” ईश्वरी आहे का, असं कुणी विचारत नसे. ढग गडगडले की मोठीआई मला ओढून घरात घ्यायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. माझ्या पायाची एवढी काळजी! बाकीची मी त्या पायाला जोडून आले होते, एवढंच.

“ईश्वरे, ये!” मोठीआईनं हाक मारली. “वन्सं, पालथ्या पडा. चांगल्या तीन लाथा बसल्या की उड्या मारत घरी जाशिला.”

आत्यानं मान हलवली. नाही. तिला पालथं पडता येत नव्हतं. दोघीजणी तिला पालथी घालायला खाली वाकल्या. मी म्हटलं, “थांबा,” पण इतक्या हळू, की ते मलाच ऐकू आलं.

गंमत अशी की उसण भरलेला माणूस कसा असतो, ते मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. शेकडो बघितले होते. उसणवाला बोलतो! आडवं होताना आईच्या नावानं ओरडतो, उठताना बायकोवर खेकसतो, आणि अधल्यामधल्या वेळात उसण कशी भरली याची साग्रसंगीत गोष्ट सांगतो. गप्प बसलेला उसणवाला मी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि इथं तर आमच्या घराण्यातली सगळ्यात बोलकी बाई दोन शब्द बोलून तोंड उघडं टाकून पडली होती. श्वास घेत होती तोही इवला इवला, चिमणीनं पाणी प्यावं तसा.

“अगं लाव की पाय! मुहूर्त काढायचाय का?”

मी चप्पल काढली. आत्या कुशीवरच होती. मी तिच्या पाठीमागे उभी राहिले आणि अंगठा हलकाच टेकवला. खांद्याच्या फऱ्याखालून पहिली रेघ ओढली.

आणि पायाखाली कुरकुर झालं.

म्हणजे ऐकू नाही आलं, लागलं. कातडीच्या आत लाह्या पसरून ठेवल्यात आणि त्यावर माझा अंगठा फिरतोय, असं. सकाळीच नागोबाला वाहिलेल्या ज्वारीच्या लाह्या अंगणात माझ्या पायाखाली आल्या होत्या, अगदी तसंच. मी पाय झटकन मागे घेतला. इतक्या पाठींवर पाय दिला होता मी. मऊ, कडक, केसाळ, घामट. पण कुरकुरीत पाठ कुणाचीच नव्हती.

“काय झालं?” मोठीआई.

“काहीतरी मोडलंय आत,” मी म्हणाले. “दवाखान्यात न्यायला पायजे.”

“गप गं. तुला काय कळतंय? लाथ मार.”

“मोठीआई, तिला बोलता येईना—”

“म्हणून तर म्हणते, मार लवकर! पोटात वारा अडकलाय तो सुटंल.”

आत्या माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ जांभळट दिसायला लागले होते. बायका पुन्हा तिला पालथी घालायला सरसावल्या. ओरडावंसं वाटत होतं, पण माझं ओरडणं ऐकतंय कोण? मी म्हणजे सातवीतली पोरगी, चपला राखणारी. इथं ज्याचं ऐकतील असा एकच होता, आणि तो माझ्या उजव्या मांडीच्या खाली होता.

मी पाय उचलला, हवेत धरला, आणि थरथरवला. जरा जास्तच थरथरवला, खरं सांगायचं तर.

“पाय खाली येईना,” मी मोठ्यानं म्हणाले.

सगळ्या थबकल्या.

“काय?”

“पाय नको म्हणतोय.”

मोठीआईचा चेहरा पांढरा पडला. नऊ वर्षांच्या तिच्या कारभारात पाय कधीच नको म्हणाला नव्हता.

“आसं कधी झालं न्हाय,” ती पुटपुटली.

“आज झालं! पाय म्हणतोय, हिला पालथी घालू नका, लाथ मारू नका, कुणी हात लावू नका, फळीवर घाला आणि डॉक्टरकडं न्या. आत्ताच्या आत्ता!”

पाय बराच सविस्तर बोलत होता, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाच मिनिटांत समाजमंदिराच्या मागे टेकवून ठेवलेलं जुनं दार आलं. गडीमाणसं सगळी शेजारच्या गावात कुस्त्या बघायला गेली होती, फोन उचलायला कुणी तयार नाही. आई तिच्या माहेरी, बाबा ट्रक घेऊन सोलापूरकडे. रुग्णवाहिका तालुक्यावरून येणार, म्हणजे दुप्पट वेळ. मग दुधाच्या टेम्पोवाल्या संपतदादाला गाठलं. त्यानं कॅन धडाधड उतरवले, आणि बायकांनी आत्याला दारासकट आत सरकवलं.

“ईश्वरे, तू बी चल,” मोठीआई म्हणाली. “पायाला काय सांगायचं असलं तर?”

टेम्पोत मी आत्याचा हात धरून बसले. मोठीआई दुसऱ्या बाजूला, पदरानं वारा घालत. ती एकसारखी बोलत होती. माणूस घाबरलं की बोलतं.

“वन्सं, धीर धरा. तुमच्या सासूला काय तोंड दाखवू मी? म्हणंल, पंचमीला पाठवली आन् मोडून दिली. वन्सं, ऐकताय न्हवं?”

आत्यानं डोळे मिटून मान हलवली. एक दणका बसला की तिची बोटं माझ्या हातात रुतायची. मी मनात म्हणत होते, ओरड गं आत्या, संपतदादाला काहीतरी बोल, खड्ड्यांना बोल. पण तिच्यापाशी त्यासाठी श्वास नव्हता.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम होत्या. तरुण, बारीक, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली. त्यांनी आत्याच्या तोंडावर ऑक्सिजन लावला, छातीला नळी लावून ऐकलं, फोटो काढायला पाठवलं. फोटो उजेडात धरून त्या म्हणाल्या, “तीन बरगड्या मोडल्यात. एकीचं टोक फुप्फुसाला लागलंय. आतली हवा बाहेर येऊन छातीत साठतेय, त्यामुळे फुप्फुस दबत चाललंय. बरगड्यांच्या मधे छोटासा छेद घेऊन नळी घालावी लागेल.”

“छेद म्हणजे?” मोठीआई.

“चिरायचं जरासं.”

“आज?”

“आत्ता.”

मोठीआई ताठ झाली. “मॅडम, आज पंचमी हाय. आज आम्ही इळीला हात लावत न्हाय. भाजी चिरत न्हाय, लिंबू कापत न्हाय. आन् तुम्ही माणूस चिरायचं म्हणता? उद्या करा. उद्या सकाळी सातला करा.”

“अहो, उद्यापर्यंत थांबता नाही येणार.”

“शालनताई,” मॅडम आत्याकडे वळल्या, “तुम्ही सही करता का?”

आत्यानं मास्कच्या वरून मोठीआईकडे पाहिलं. एरवी या दोघी एकमेकींना चिमटे काढल्याशिवाय चहा प्यायच्या नाहीत. पण माहेरात पंचमीच्या दिवशी काय करायचं आणि काय नाही, हे वहिनीच्याच शब्दावर चालायचं, आणि आत्या आता मनापासून भ्यायली होती. तिनं पेन घेतलं नाही.

आणि मग मोठीआईला ती भयंकर कल्पना सुचली.

“ईश्वरे,” ती म्हणाली, “पायाला इचार. मघा पायानंच सांगितलं. आता बी त्यालाच इचारू. लाव वन्संच्या पाठीला.”

मॅडमनी चष्मा वर सरकवला. “कुणाच्या पायाला?”

“पायाळी हाय पोरगी. मघा पाय नको म्हणाला, म्हणून तर हितं आणलं. लाव गं पाय, बघतेस काय!”

मी आत्याच्या खाटेपाशी उभी. माझ्याच थापेनं मला कोपऱ्यात गाठलं होतं. पाय लावायचा म्हणजे मोडक्या बरगड्यांवर लावायचा. आणि पुन्हा एकदा पाय हवेत थरथरवून “पाय हो म्हणतोय” म्हणणं सोपं होतं, नाही असं नाही. पण मोठीआईनं उद्या आणखी काही विचारलं तर? पाय काय रोज डॉक्टरकी करणार?

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

“पाय काही बोलला नव्हता,” मी म्हणाले.

“आँ?”

“मघाशी. पायाखाली कुरकुर लागली, तेवढं खरं. बाकी सगळं मीच बोलले. तू माझं ऐकलं नसतंस, म्हणून पायाच्या नावावर खपवलं.”

मोठीआई माझ्या पायाकडे बघायला लागली. “थरथरत होता की गं तो!”

“मीच थरथरवला.”

“माझ्याशी खोटं बोललीस?”

“हो. आणि आता खरं बोलतेय. चिरू दे त्यांना.”

“तू कोण सांगणारी?” तिचा आवाज चढला. पलीकडच्या खाटांवरची माणसं उठून बसली. “पायाचं येगळं, तुझं येगळं!”

“कुरकुर कुठे लागली तुला?” मॅडमनी मधेच विचारलं. मला, चक्क माझ्याकडे बघून.

मी दाखवलं. फऱ्याच्या खाली, जरा बाहेरच्या अंगाला. त्यांनी दोन बोटं ठेवून बघितली आणि मान डोलावली. “बरोबर. ही हवा आहे. फुप्फुसातून निसटून कातडीखाली आलीय. तू तिथंच थांबलीस ते बरं केलंस.”

मग मी जे केलं ते कसं केलं कुणास ठाऊक, आज विचार केला तरी माझं मलाच नवल वाटतं. मी मोठीआईचा हात धरला. जिच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती, त्या मोठीआईचा. तिचं बोट धरून आत्याच्या पाठीवर अलगद टेकवलं.

“माझ्यावर नको विश्वास ठेवू. तू बघ.”

मोठीआईनं बोट जरासं फिरवलं. आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“बया! लाह्याच की गं आत!”

“हो ना? आणि पंचमीला चिरायचं नाही ते आपण, आपल्या घरात, आपल्या विळीनं. यांच्याकडं विळी आहे का? यांचा तर हा रोजचा धंदा आहे. नागोबानं आत्याला माहेरी धाडली ती काय मुहूर्त सांभाळत मरायला?”

एवढं मोठं वाक्य मी घरात कधी बोलले नव्हते. एका खाटेवरून कुणीतरी म्हणालं, “पोरगी बराबर बोलतीया.”

मोठीआईनं डोळे पुसले. मग तिनं मॅडमच्या हातातलं पेन घेतलं, आत्याच्या बोटांत खोचलं आणि कागद स्वतःच्या तळहातावर सपाट धरला. “करा सही, वन्सं. मी हाय.” आत्यानं सही केली. ती सही तिच्या नावाची होती असं मी शपथेवर सांगणार नाही, पण केली.

आम्हाला बाहेर काढलं. बाकावर मोठीआईनं माझा हात मांडीवर घट्ट धरून ठेवला होता, आणि तो सोडवून घ्यायची माझी हिंमत नव्हती. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. मी दाराच्या फटीकडे बघत राहिले आणि आत्याचा आवाज कानांत आणायचा प्रयत्न केला. येईचना. एवढा मोठा आवाज, जन्मापासून ऐकलेला, आणि मला आठवेना. तेव्हा मात्र मी रडले.

आत बोलावलं तेव्हा आत्याच्या कुशीतून एक नळी निघून खाली बाटलीत गेली होती. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येत होते, भराभर, खळखळून. “ही साठलेली हवा,” मॅडम म्हणाल्या. आत्याचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले होते. तिनं डोळे उघडले, आमच्याकडे बघितलं आणि लगेच झोपून गेली.

सकाळी मी जागी झाले ती आवाजानं.

“वहिनी, काय घोरतेस गं तू, अर्धी रात्र मला वाटलं ही बाटलीच बुडबुडतीय आणि आता माझ्यात हवाच शिल्लक राहणार नाही, म्हणून मी त्या नर्सबाईला हाक मारली तर ती म्हणाली बाटली कधीच शांत झालीय, हा आवाज खाटेखालून येतोय, लाजेनं मेले मी, सगळा वॉर्ड जागा आणि तू आपली—आई गं!” तिनं कुशीला हात धरला. हसायला गेली होती, बरगड्यांनी आठवण करून दिली. पण तोवर एवढं सगळं ती एका दमात बोलली होती. एका दमात! मी मोठीआईकडे बघितलं. मोठीआई माझ्याकडे. मग आम्ही दोघी अशा हसलो की नर्सबाई आम्हाला बाहेर घालवायला आल्या.

“घोरते म्हणं!” मोठीआई डोळे पुसत म्हणाली. “बोला वन्सं, काय बोलायचं ते बोला. आज मी उलटून एक शब्द बोलणार न्हाय.”

“दुपारपर्यंत तरी टिकशील का?”

“बघू की.”

शेजारच्या खाटेवरच्या आजींचे यजमान रात्री फरशीवर झोपले होते. ते कमरेवर हात ठेवून, वाकडे होत आमच्यापाशी आले. काल त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण त्यातलं आपल्या सोयीचं तेवढंच लक्षात ठेवलं होतं.

“ताई, पोरगी पायाळू हाय न्हवं? फरशीनं पार आखडलीय बघा पाठ. जरा पाय लावंल का?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी टोपी काढून खिडकीत ठेवली आणि दोन खाटांच्या मधे पालथे पडले.

मी सवयीनं चप्पल काढायला वाकले. मोठीआईनं माझा खांदा धरून मला मागे घेतलं.

“उठा मामा,” ती म्हणाली. “पाय मिळत न्हाय आता. पोरगी हाय, तिला काय इचारायचं असंल तर इचारा.”

मामा कण्हत उठून बसले. त्यांनी आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग बऱ्याच वेळानं तोंडाकडे.

“हिला? हिला काय कळतंय?”

“इचारून तर बघा,” मोठीआई म्हणाली आणि पदर खोचून माझ्या शेजारी उभी राहिली, जणू तिचा कारभार अजून चालूच होता.

मी स्टूल ओढलं, मामांच्या समोर बसले आणि घसा साफ केला.

“आधी सांगा,” मी म्हणाले, “पडला होता का कुठं?”